वायपरची मोटर बदलायच्या आधी (मे ते डिसेंबर 2024 च्या नोंदी)

12 मे 2024, रविवार

गाडी 2009 ची पेट्रोल हॅचबॅक, 1 लाख 18 हजार किलोमीटर झालेत. वायपर हळू चालतात, काच थोडी कोरडी पडली की मध्येच अडकतात, खाली येताना फटफट वाजतात, आणि ड्रायव्हरच्या बाजूला बरोब्बर डोळ्यासमोर चार बोटं रुंद पट्टा पुसलाच जात नाही.

हे काम मनावर घेण्याचं कारण मागच्या गणपतीतलं आहे. चिपळूणहून कराडला परत येताना पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाट चढायला लागलो, संध्याकाळचे साडेसहा, धुकं एवढं की बोनेटच्या पुढचं दिसेना आणि वरून पाऊस, आणि तिथे वायपर अर्ध्यात थांबले ते थांबलेच. पुढच्या ट्रकचे लाल दिवे काचेवर पसरले, ट्रक कुठे संपतो तेच कळेना. मागे बायको, मुलगी. गाडी डोंगराच्या बाजूला दाबून उभी केली. अण्णा शेजारी बसले होते, त्यांनी 22 वर्षं याच रस्त्यावर ट्रक चालवलाय. ते काही न बोलता खाली उतरले, चंचीतून तंबाखू काढली, पावसातच ओली करून माझ्या बाजूच्या काचेवर चोळली. तंबाखू चोळली की पाण्याचे थेंब धरत नाहीत, पाणी सपाट पडदा होऊन खाली उतरतं. त्यावर वीसच्या स्पीडने हेळवाकपर्यंत आलो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नंतर एका गॅरेजमध्ये दाखवली. बोनेट उघडून कान लावला आणि म्हणाले मोटर गेली, 3,800 ची मोटर आणि मजुरी वेगळी. मोटर सोडवून बघितली नाही, फ्यूज बघितला नाही. मला ते पटलं नाही म्हणून थांबलो आणि थांबता थांबता उन्हाळा संपत आला. आता मृग महिन्यावर आलाय, शिवाय ऑगस्टमध्ये गाडीला 15 वर्षं होतायत, परत पासिंग करायचंय, त्यात वायपर बघतातच.

आज फक्त मोजलं. मुलीने पाइपने काचेवर पाणी सोडलं, मी मोबाइलवर टायमर लावला. स्लोवर मिनिटाला 21 फेऱ्या, फास्टवर 30. फेरी म्हणजे वर जाऊन परत खाली. चांगल्या गाडीला स्लोवर 45 च्या आसपास आणि फास्टवर 60 च्या वर मिळायला पाहिजेत. म्हणजे अर्ध्यावर आलोय. हा आकडा वहीत लिहिला, आता प्रत्येक दुरुस्तीनंतर हाच मोजायचा, नाहीतर फरक पडल्यासारखं नुसतं वाटत राहतं.

19 मे, रविवार

आज करंटचं बघितलं. फ्यूज ठीक, पाय काळे नाहीत. इंजिन चालू असताना बॅटरीवर 14.1 व्होल्ट आणि वायपर चालू ठेवून मोटरच्या कपलरवर, म्हणजे वायरच्या जोडावर, 13.2. मग मीटरची एक पिन मोटरच्या बॉडीला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला लावली, तिथे 0.6 व्होल्ट दिसले. तिथे जवळजवळ शून्य दिसायला पाहिजे, म्हणजे अर्थिंग खराब. अर्थिंगचा बोल्ट काढला तर खाली पांढरट हिरवी बुरशी साचलेली, पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, थोडी पेट्रोलियम जेली लावून बोल्ट परत आवळला. आता 0.1.

फेऱ्या 24. तीनच वाढल्या. करंट पोचतोय पण मोटर पळत नाही, म्हणजे एकतर मोटर खरंच थकलीय किंवा तिच्यावर ओझं आहे. हे दोन्ही वेगवेगळं करून बघायचं तर लिंकेज, म्हणजे मोटरपासून वायपरपर्यंतच्या पट्ट्या, सोडवायला लागणार.

26 मे, रविवार

आजचा सगळा दिवस यात गेला आणि सगळ्यात जास्त आजच कळलं.

आधी वायपर चालू करून बंद केले म्हणजे ते आपल्या जागेवर येऊन झोपतात, मग दोन्ही ब्लेड काचेवर जिथे टेकतात तिथे कागदी चिकटपट्टी लावून खूण केली. हे केलं नाही तर परत बसवताना वायपरचा हात कुठल्या दात्यावर होता ते काही कळत नाही. काचेवर जाड टॉवेल अंथरला, कारण ब्लेड काढलेला नुसता लोखंडी हात स्प्रिंगने काचेवर आपटला तर काच गेलीच. हाताच्या बुडाला प्लास्टिकची टोपी, त्याखाली 14 चा नट. नट सहज सुटले पण हात दात्यांवर गंजून घट्ट बसलेले. हातोडीने ठोकायचा मोह होतो, पण खालची पट्टी वाकते नाहीतर ॲल्युमिनियमचा बुश, म्हणजे वायपरचा दांडा ज्यात फिरतो ती नळी, तडकतो. बॅटरीचं टर्मिनल ओढायचा छोटा पुलर 180 रुपयांना मिळाला, तो लावला, हळूहळू आवळला आणि कट्ट आवाज येऊन हात मोकळा झाला. दुसरा पण तसाच.

मग काचेखालचं काळं प्लास्टिक काढलं. पाच क्लिपा, त्यातल्या दोन उन्हाने एवढ्या सुकल्या होत्या की हातातच तुटल्या. प्लास्टिक उचललं आणि आत बघतो तर चिंचेचा पाला. नुसता पाला नाही, त्याचा काळा लगदा झालेला, शेणखतासारखा, ओलसर, भर मे महिन्यात ओलसर. आमची गाडी बारा महिने चिंचेखाली लागते, तो बारीक पाला जाळीतून आत पडत राहिलाय. पाणी जायचं भोक ड्रायव्हरच्या बाजूला आहे, ते पार बुजलेलं. म्हणजे प्रत्येक पावसात तिथे तळं साचत होतं आणि ड्रायव्हरकडच्या वायपरचा दांडा त्या तळ्यात उभा होता. दोन घमेली लगदा निघाला. भोकात जुन्या सायकलची तार घातली, वरून तांब्याभर पाणी ओतलं, खाली चाकामागून धार आली तेव्हा बरं वाटलं.

मग लिंकेज. रचना सोपी आहे, मोटरला एक छोटी क्रँक, क्रँकला पट्टी, ती पट्टी एका दांड्याला आणि तिथून दुसरी पट्टी दुसऱ्या दांड्याला. सगळे सांधे म्हणजे गोळी आणि प्लास्टिकची वाटी. क्रँकचा नट काढला नाही, त्याची जागा हलली की पुढचं सगळं चुकतं. नुसती वाटी गोळीवरून स्क्रू ड्रायव्हरने उचकटली. हे करताना चावी खिशात ठेवलेली बरी, चालू लिंकेजमध्ये बोट सापडलं तर ते मोडल्याशिवाय सुटत नाही.

आता मोटर एकटी, वर काहीच ओझं नाही. कपलर लावला, मुलीला आत बसवून म्हटलं स्लो लाव. क्रँक गरागरा फिरायला लागली. मोजलं, 46. फास्ट, 66. गेली म्हणून सांगितलेली मोटर.

अण्णा बाजूला खुर्ची टाकून बसले होते, म्हणाले, "अरे, ती बिचारी ओढत होती. बैलाला मारून काय उपयोग, चाकच रुतलंय."

दांडे हाताने फिरवून बघितले. डाव्या बाजूचा दोन बोटांनी फिरला. ड्रायव्हरकडचा हाताने हललाच नाही, पक्कड लावली तेव्हा कुरकुर करत जरासा फिरला. सापडलं.

संध्याकाळी चहा पिताना अण्णा सांगत होते की त्यांनी क्लीनर म्हणून सुरुवात केली तेव्हा काही गाड्यांना वायपरचं हँडल आतूनच असायचं, मोटर दमली की क्लीनरने हाताने फिरवायचं, घाटात हात भरून यायचे. मुलीने वायपर कोणी शोधला ते मोबाइलवर बघून वाचून दाखवलं, अमेरिकेतल्या मेरी अँडरसन नावाच्या बाईंनी 1903 मध्ये पेटंट घेतलं, न्यूयॉर्कच्या ट्राममध्ये बसल्या असताना बर्फाळ पावसात ड्रायव्हरला काच उघडून बाहेर बघायला लागत होतं ते बघून त्यांना सुचलं, आणि त्यांचा वायपर पण आतून हाताने हलवायचाच होता. अण्णा म्हणाले, "म्हणजे आम्ही तेच करत होतो की."

1 जून, शनिवार

पूर्ण लिंकेज काढून घरात आणलंय, 10 चे तीन बोल्ट. दांडा सहा दिवस डिझेल आणि इंजिन ऑइलच्या मिश्रणात उभा भिजत होता, रोज संध्याकाळी पक्कडीने थोडा थोडा इकडेतिकडे फिरवत होतो. आज वरचं लॉक आणि वायसर काढला, दांड्याच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा धरून हळू ठोकलं आणि बाहेर आला.

दांडा हातात धरून उजेडात बघितला. वरच्या अर्ध्या इंचात तपकिरी गंज, तिथे जुनं ग्रीस मेणबत्तीच्या मेणासारखं कडक झालेलं, नखाने पापुद्रा निघत होता. खाली, जिथे पाणी पोचलं नव्हतं, तिथे लोखंड अजून नव्यासारखं चकचकीत. वरची रबरी रिंग होती तिथे नुसते काळे तुकडे. म्हणजे आधी रिंग गेली, मग पाणी उतरलं, मग ग्रीस धुतलं, मग गंज.

दांडा 600 च्या पॉलिश पेपरने आणि मग 1000 च्या पेपरने ओला करून घासला, फक्त गंज जाईपर्यंत. आतल्या बुशला पेपर लावला नाही, तिथे भोक मोठं झालं तर दांडा कायमचा डुगडुगणार. पेन्सिलीला कापड गुंडाळून रॉकेलने साफ केलं एवढंच. रिंग हायड्रॉलिकच्या दुकानात मापाची मिळाली, 10 रुपये. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस भरलं, दांडा घातला, लॉक लावलं. आता फुंकर मारली तरी फिरेल असं वाटतंय.

सांध्यातल्या दोन वाट्या पण झिजल्या होत्या, पट्टी हलवली की टकटक. नव्या दोन मिळाल्या 70 रुपयांना, सॉकेट आणि पक्कडीत दाबून बसवल्या.

डाव्या दांड्यालाही वरून थोडं ग्रीस दिलं पण तो खोलला नाही. त्याला किंचित ढिलाई आहे. नोंद करून ठेवतो.

8 जून, शनिवार

सगळं परत बसवलं आणि शेवटी एक चूक झाली. त्या दिवशी मोटर एकटी फिरत असताना मी कपलर तसाच ओढला होता, म्हणजे क्रँक कुठेतरी मध्येच थांबली होती. आज गडबडीत मोटर आधी एकदा रिकामी चालवून जागेवर आणली नाही, सरळ हात खुणेवर बसवले, नट आवळले आणि चालू केलं. ड्रायव्हरकडचा वायपर काच सोडून बाजूच्या खांबावर जाऊन आपटला, ब्लेडची क्लिप तुटली. काच वाचली कारण पाणी मारलेलं होतं आणि स्लोवर होतं.

जागेवर येणं म्हणजे काय ते लिहून ठेवतो. मोटरच्या गिअरवर पितळी चकती असते, तिला एका ठिकाणी खाच. बटण बंद केलं तरी चकतीतून करंट चालूच राहतो, खाच आली की तुटतो आणि त्याच क्षणी मोटरच्या दोन वायरी आपसात जोडल्या जाऊन ब्रेक लागतो. म्हणून वायपर नेहमी खालीच झोपतात. त्यामुळे क्रम हाच: मोटर जोडायची, चालू करून बटणाने बंद करायची, ती जागेवर थांबू द्यायची आणि मगच हात बसवायचे.

परत काढले, परत बसवले. ओल्या काचेवर स्लो 43, फास्ट 62. दोनदा मोजलं. अण्णांना बोलावून दाखवलं, ते बराच वेळ नुसते बघत उभे राहिले.

9 जून

रात्री पाऊस झाला. वेग मस्त, पण वर जाताना स्वच्छ पुसतो आणि खाली येताना फटफट करत उड्या मारतो आणि तो चार बोटांचा पट्टा आहे तिथेच आहे, म्हणजे लिंकेजचं दुखणं वेगळं होतं आणि पुसण्याचं दुखणं वेगळं आहे, मी दोन्ही एकच धरून चाललो होतो.

16 जून, रविवार

रबर बोटाने वाकवून बघितलं, उन्हाने कडक झालेलं, कडेला बारीक चिरा. ब्लेडची पट्टी चांगली होती म्हणून नुसतं रबर बदललं, ड्रायव्हरकडे 21 इंच, डावीकडे 16, दोन्ही मिळून 140 रुपये. जुन्या रबरातल्या स्टीलच्या दोन बारीक पट्ट्या काढून नव्यात घालायच्या असतात, त्यांचा बाक आणि खाचा आधी जशा होत्या तशाच बसल्या पाहिजेत, नाहीतर ब्लेड मध्येच टेकतो आणि टोकं हवेत राहतात.

मग काच. वॉशिंगवाल्याकडे मेणाचा फवारा मारून घ्यायची सवय होती, ते मेण काचेवर पण बसतं. बोट फिरवलं तर काच अडखळते. शॅम्पूने धुतली, क्ले बार (चिकटलेला मळ ओढून काढणारी मातीसारखी वडी) फिरवला, मग मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसली. फडकं तीनदा काळं झालं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरने गेले.

तरी थोडी फटफट उरलीच. मग काचेला डोळा लावून बघितलं. रबराची ओठासारखी कड ज्या दिशेला वायपर चाललाय त्याच्या मागे झोपायला पाहिजे आणि दिशा बदलली की पलटी मारायला पाहिजे. माझी पलटतच नव्हती, खाली येताना कड समोर ढकलली जात होती म्हणून उड्या. हाताचं टोकच पिळलेलं होतं. ब्लेड काढून, हाताला कापड गुंडाळून, ॲडजस्टेबल पान्याने टोक अगदी किंचित उलट्या बाजूला पिळलं, जागेवर झोपलेल्या ब्लेडचं रबर काचेला काटकोनात आलं की थांबलो. चार वेळा थोडं थोडं केलं. फटफट बंद. याला एक रुपया लागला नाही आणि लोक यासाठी ब्लेडवर ब्लेड बदलत बसतात, याचं वाईट वाटतं.

30 जून, रविवार

पट्टा कमी झालाय पण हायवेला 80 च्या वर गेलं की परत दिसतो, म्हणजे ब्लेड वाऱ्याने उचलला जातोय. सामान तोलायचा हुकवाला काटा ब्लेडच्या बुडाशी अडकवून बघितला. हात काचेपासून वर ओढताना 900 ग्रॅम, हळू खाली सोडताना 250. डाव्या हाताला 640 आणि 560. डाव्याचे दोन आकडे जवळजवळ आहेत, ड्रायव्हरकडच्याचे लांब. स्प्रिंगला जोर आहे, पण हाताचा बिजागर गंजून जाम झाल्यामुळे तो काचेपर्यंत पोचतच नाही. बिजागरात तेल सोडून हात पन्नासएक वेळा वरखाली केला, तांबडं पाणी निघालं, परत तेल. आता 780 आणि 660. पट्टा गेला. हे मी शेवटी बघितलं, खरं तर पहिल्या दिवशी बघायला पाहिजे होतं.

14 जुलै

पाण्याचे फवारे. चारातले दोन बंद, क्षाराने बुजलेले. शिवणाच्या सुईने मोकळे केले आणि त्याच सुईने आतली गोळी फिरवून नेम धरला, धार काचेच्या मध्याच्या जरा वर पडली पाहिजे, चालत्या गाडीत वारा ती खाली दाबतो. टाकीतलं पाणी काढलं, तळाला चिखल होता. यापुढे टाकीत बोअरचं पाणी घालायचं नाही, इन्व्हर्टरसाठी आणतो ते बॅटरीचं पाणी आणि त्यात चमचाभर कार शॅम्पू. भांड्याचा साबण नको, फेस होतो आणि काचेवर पापुद्रा धरतो.

ऑगस्ट

पासिंग झालं. साहेबांनी हॉर्न, लाइट, वायपर चालू करायला सांगितले. चालले.

6 सप्टेंबर, शुक्रवार

उद्या गणपती. दुपारी कराडहून निघालो, पाटणपर्यंत कोरडं, कोयनानगरला पाऊस, हेळवाकच्या पुढे धुकं. मागच्या वर्षी चढताना थांबलो होतो त्याच वळणावरून या वेळी उतरत होतो. अण्णा शेजारीच. पाऊस जोरात होता तोवर फास्टवर ठेवले, काच एका फटक्यात साफ, दरीच्या कठड्याचा पांढरा रंग दिसत होता, समोरून एक एसटी आली तिची पाटीसुद्धा वाचता आली. खाली भुरभुर सुरू झाली तेव्हा थांबून थांबून चालणाऱ्या बटणावर टाकले. हा प्रकार रॉबर्ट कर्न्स नावाच्या अमेरिकन इंजिनियरने 1960 च्या दशकात बसवला, डोळ्याची पापणी सारखी हलत नाही, मध्ये मध्ये मिटते, तसा वायपर का नको असा त्यांचा विचार. भुरभुर पावसात त्याची किंमत कळते, नाहीतर वायपर कोरड्या काचेवर रबर घासत राहतो.

पोफळीला चहाला थांबलो. अण्णांनी चंची काढली, मी बघत होतो. त्यांनी मळून तोंडात टाकली आणि म्हणाले, "यंदा सगळी माझीच."

15 डिसेंबर, रविवार

कारखाने चालू झाले, रात्री कुठेतरी पाचट जाळलं होतं, सकाळी सगळ्या गाडीवर काळी राख. शेजारच्यांनी गाडीत बसून सरळ कोरडेच वायपर फिरवले, मी हाक मारेपर्यंत दोन फेऱ्या झाल्या होत्या. राखेत आणि धुळीत बारीक वाळू असते, काचेवर जे कमानीसारखे ओरखडे दिसतात, रात्री समोरून लाइट आला की चमकतात, ते असेच पडतात आणि ते निघत नाहीत. त्यांना आमचा पाइप दिला, आधी काच धुतली, मग ओल्या फडक्याने रबराची कड पुसून दिली.

आमच्या गाडीचं काळं प्लास्टिक उचलून बघितलं. सहा महिन्यांत मूठभर पाला आलाय, काढला. जाळीवर आतून मच्छरदाणीचा तुकडा तारेने बांधलाय. स्लो 43, जूनमध्ये होता तेवढाच.

डाव्या दांड्याची ढिलाई मात्र वाढलीय, ब्लेडचं टोक धरून हलवलं तर अर्धा इंच हलतं. हायड्रॉलिकच्या दुकानातून तसलीच रिंग आणून ठेवलीय, वाट्या दुकानदार मागवून देतो म्हणालाय. मे महिन्यात खोलायचा.